मोटार विम्याचा हप्ता : सुरक्षासाधने आणि चोरीचा धोका

खासगी मोटारगाडीच्या पॉलिसीत तीन वेगळे करार एकाच कागदावर असतात. गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणारा ‘थर्ड पार्टी’ विमा, गाडीची स्वतःची मोडतोड व चोरी यांसाठीचा ‘ओन डॅमेज’ विमा आणि गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचे अपंगत्व आले तर मिळणारा वैयक्तिक अपघात विमा. बोलीत या तिन्हींना मिळून ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. एअरबॅग, एबीएस ब्रेक, खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा इमोबिलायझर असलेल्या गाडीचा हप्ता आपोआप उतरतो, अशी समजूत सर्रास आढळते. भारतात ती फारच थोडी खरी आहे. ती खरी का नाही, हे तीनही करार सुटे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हप्त्याचे गणित मुळात सोपे आहे. ठरावीक गाड्यांमागे वर्षाला किती दावे येतात आणि एका दाव्यावर सरासरी किती पैसे जातात, यांचा गुणाकार हा हप्त्याचा गाभा. त्यावर कंपनीचा खर्च आणि नफा. ब्रेकशी संबंधित साधने पहिला आकडा खाली आणू शकतात. एअरबॅग आणि सीटबेल्ट अपघात टाळत नाहीत, ते माणूस वाचवतात. त्यामुळे त्यांचा फायदा कोणत्या खात्यात जमा होतो, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

थर्ड पार्टी : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा वार्षिक दर होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. दर ठरतो इंजिनाच्या आकारावर. गाडीला दोन एअरबॅग आहेत की सहा, क्रॅश टेस्टमध्ये तिला पाच तारे मिळाले की शून्य, याला या पत्रकात रकाना नाही. विजेवरच्या गाड्यांना मात्र त्याच पत्रकात १५ टक्के आणि हायब्रीडला साडेसात टक्के सवलत दिली गेली. म्हणजे इंधनाची दखल दरपत्रकाने घेतली, सुरक्षेची घेतली नाही. ही उणीव मोठी आहे, कारण तिन्ही करार असलेल्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसीत गाडीत बसलेल्यांच्या इजेची भरपाईही याच भागातून दिली जाते. एअरबॅगने वाचवलेला पैसा दिसायचा तर इथे दिसायला हवा.

मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची कथा वेगळी नाही. २०१८ मध्ये त्याची रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. हा भागही सर्वसाधारणपणे ठोक दरानेच विकला जातो; गाडी कोणती, हे त्यात सहसा पाहिले जात नाही.

ओन डॅमेज : गाडीचे गुणदोष हप्त्यात उतरण्याची खरी जागा हीच. १ जुलै २००२ पासूनच्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’ने या भागाचे दर देशभर एकसारखे बांधून दिले होते. १ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले, पण पत्रकाची चौकट आणि बरीचशी भाषा पॉलिसीत अजून टिकून आहे. विमाकृत घोषित मूल्य, म्हणजे सगळे ज्याला आयडीव्ही म्हणतात ते, गाडीचे वय, इंजिनाचा आकार आणि विभाग या चार गोष्टींवर दर काढला जाई. अ विभागात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे. बाकी सगळा देश ब विभागात.

पाच वर्षांच्या आतली, १२०० सीसीची, १० लाख आयडीव्हीची गाडी उदाहरणाला घेऊ. अ विभागाचा दर ३.२८३ टक्के, म्हणजे ३२,८३० रुपये. ब विभागाचा ३.१९१ टक्के, म्हणजे ३१,९१० रुपये. महानगराच्या वाढीव धोक्याची किंमत झाली ९२० रुपये. आता चोरीविरोधी साधनाची सवलत पाहू. टॅरिफमध्ये ती ओन डॅमेज हप्त्याच्या अडीच टक्के होती, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. या गाडीचे अडीच टक्के ८२० रुपयांवर जातात, मिळतात ५००. हप्ता वीस हजारांपुढे गेला की मर्यादा आड येते. महाग गाडी चोराला जितकी हवीशी, तितकी तिला मिळणारी सवलत प्रमाणाने आक्रसत जाते. शिवाय साधन पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, मान्य केलेले हवे आणि ते बसवल्याचा दाखला मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचा हवा. पश्चिम भारतात तो देणारी संस्था मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, स्थापना १९१९. बाजारातून आणून बसवलेले गिअरलॉक चोराला दहा मिनिटे अडवेलही, पण या दाखल्याशिवाय त्याचा हप्त्याशी संबंध येत नाही.

याच्या शेजारी नो क्लेम बोनस ठेवला की तराजू कुठे झुकतो ते लक्षात येते. दावा न केल्याच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. वरच्या गाडीला पन्नास टक्क्यांनी १६,४१५ रुपये वाचतात, चोरीविरोधी साधनाच्या तेहतीस पटींहून थोडे कमी. भारतीय मोटार विमा गाडीत काय बसवले आहे यापेक्षा मालकाने मागे किती दावे केले याकडे पाहतो. दर मोकळे झाल्यापासून कंपन्या मॉडेलनिहाय दाव्यांचा अनुभव पाहून जुन्या दरावर कमीजास्त सवलत देतात. एखादे मॉडेल वारंवार चोरीला जात असेल किंवा त्याचे सुटे भाग महाग असतील, तर ते या सवलतीच्या टक्क्यात दडलेले असते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या कागदावर त्याचे कारण लिहिलेले नसते.

विभागांची आखणी चोरीच्या दृष्टीने फार ढोबळ आहे. विभाग ठरतो गाडीची नोंदणी ज्या आरटीओत झाली त्यावर. एमएच ११ म्हणजे साताऱ्याची पाटी असलेली गाडी रोज रात्री पुण्यातल्या रस्त्याकडेला उभी राहत असेल तरी टॅरिफच्या लेखी ती ब विभागातलीच. उलट, एमएच १२ ची गाडी गावच्या वाड्यात कुलूपबंद असली तरी अ विभागाचा दर लागतो. चोरीचा धोका गाडी रात्री कुठे झोपते यावर ठरतो आणि नेमके तेच या पद्धतीत विचारले जात नव्हते.

सुरक्षासाधनांची उलटी बाजू : पुढच्या दोन एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या झाल्या, चालकाची एअरबॅग त्याआधी १ जुलै २०१९ पासून होती. जे साधन प्रत्येक गाडीत आहे त्यावर सवलत देण्याचे कारण उरत नाही, आणि हे योग्यच आहे. पण ओन डॅमेजच्या हिशेबात एअरबॅग खर्च वाढवते. धडकेत ती फुगली की ती स्वतः, तिचे नियंत्रक, बहुधा डॅशबोर्ड आणि ताण घेणारे सीटबेल्ट हे सगळे बदलावे लागते. त्यातच टॅरिफच्या घसाऱ्याच्या यादीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या रांगेत एअरबॅगलाही बसवले आहे. या सर्वांवर ५० टक्के घसारा कापला जातो. ज्या पिशवीने जीव वाचवला तिची निम्मी किंमत मालकाने खिशातून भरायची. ‘झीरो डेप’चे जादा कलम घेतले असेल तरच ती सुटते. माणूस वाचवणाऱ्या वस्तूला झिजणाऱ्या टायरच्या पंक्तीला बसवणे हा वर्गीकरणाचा दोष आहे.

जुन्या छोट्या गाडीच्या बाबतीत हा खर्च तिला ‘टोटल लॉस’कडे ढकलतो. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेली की गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. नव्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधले रडार यांनी हेच वेगळ्या रीतीने घडते. काच फुटली तर घसारा शून्य, पण नवी काच बसवल्यावर कॅमेऱ्याची नेमबांधणी पुन्हा करावी लागते आणि बिल वाढते. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या अभ्यासानुसार आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेने पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रकार सुमारे निम्म्यावर येतात. तिथे अपघातांची संख्या घटते आणि एकेका अपघाताचा खर्च चढतो, आणि हप्ता त्या दोघांच्या ओढाताणीतून ठरतो.

क्रॅश टेस्टचे तारे देणारा भारत एनकॅप कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिल्या निकालांत टाटा हॅरियर आणि सफारी यांना पाच तारे मिळाले. तारे मोजतात आतल्या माणसांचा बचाव, ओन डॅमेज मोजतो पत्रा, काच आणि दिवे. म्हणून पाच तारे आणि स्वस्त ओन डॅमेज यांचे नाते जुळत नाही, आणि जिथे जुळायला हवे तिथे, थर्ड पार्टीत, सरकारी दर सीसीवर अडून आहे.

परदेशी अनुभव : ब्रिटनमध्ये थॅचम इथल्या संशोधन केंद्राच्या मदतीने प्रत्येक मॉडेल १ ते ५० गटांत बसवले जात आले. गटापुढचे अक्षर त्या गाडीची चोरीविरोधी व्यवस्था अपेक्षेपेक्षा सरस आहे की उणी हे सांगते. इमोबिलायझर युरोपात नव्या गाड्यांना ऑक्टोबर १९९८ पासून सक्तीचा झाला. तो नसला की काय होते, हे अमेरिकेत दिसले. २०११ ते २०२१ दरम्यानच्या अनेक किया आणि ह्युंदाई गाड्यांत तो नव्हता. २०२२ मध्ये त्या सहज चालू करण्याची युक्ती व्हिडिओंतून पसरली, चोऱ्या वाढल्या आणि काही विमा कंपन्यांनी काही शहरांत या मॉडेलांचा नवा विमा घेणेच थांबवले. ब्रिटनमध्ये रेंज रोव्हरसारख्या महाग गाड्यांना बिनकिल्लीच्या यंत्रणेमुळे हाच ताप झाला: घरात ठेवलेल्या किल्लीचा संदेश पकडून तो गाडीपर्यंत पोचवायचा आणि दार उघडायचे. सोयीसाठी आलेले साधन चोरीचे दार ठरू शकते, एवढे यातून सिद्ध झाले आहे.

चोरी आणि दावा : चोरी क्वचित होते, पण झाली की एका फटक्यात पूर्ण आयडीव्ही जातो. अपघाताच्या दाव्यात बंपर, दिवा, दार असे तुकडे असतात; चोरीत तुकडे नाहीत. म्हणूनच आयडीव्ही कमी लावून हप्ता स्वस्त करण्याचा मोह महागात पडतो. वरच्या गाडीचा आयडीव्ही दहाचा नऊ लाख केला तर जुन्या दराने ३,२८३ रुपये वाचतात आणि चोरी झाल्यास एक लाख बुडतात. आयडीव्हीत नोंदणीखर्च आणि वाहनकर धरलेला नसतो. नव्या गाडीसाठी ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे कलम त्यासाठीच असते.

महाराष्ट्रात चोरीचा दावा निकाली निघतो तो बहुधा ‘अ समरी’ आल्यावर. गुन्हा खरा आहे पण तपास लागत नाही, असा पोलिसांचा अहवाल म्हणजे अ समरी. फिर्यादच खोटी निघाली तर ब समरी होते. यात काही महिने जातात. दरम्यान कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आरटीओचे २८, २९, ३० क्रमांकांचे फॉर्म सह्या करून घेते आणि कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे वळतात. दुसरी किल्ली नसली की शंकेला जागा मिळते, म्हणून किल्ली हरवल्याची नोंद वेळीच करून ठेवणे हे कोणत्याही सायरनपेक्षा उपयोगाचे.

न्यायालयांनी या व्यवहारात मालकाला काही आधार दिला आहे. २००८ च्या नितीन खंडेलवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चोरीच्या दाव्यात गाडी कशासाठी वापरली जात होती हा मुद्दा गौण आहे, आणि ७५ टक्के रक्कम मान्य केली. २०२० च्या गुरशिंदर सिंग निकालाने ठरवले की, पोलिसांत फिर्याद लगेच दिलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. त्यामुळे चोरी कळताच पहिले पाऊल पोलीस ठाण्याकडे पडले पाहिजे.

अपघात आणि चोरी हे दोन धोके एका ठिकाणी एकमेकांत मिसळतात. टोटल लॉस झालेली गाडी भंगारात विकली जाते. तिचे कागद आणि चासी नंबर त्याच मॉडेलच्या चोरलेल्या गाडीवर चढवून ती ‘सेकंड हँड’ म्हणून बाजारात आणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचे असते. भंगारवाल्याशी सौदा झाला की बरेच मालक हे विसरतात, आणि त्यांच्या नावावरची नोंदणी एखाद्या चोरीच्या गाडीची ओळख बनून फिरत राहते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, तिच्यावरचा क्रोमियम होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक हे या फसवणुकीला आळा घालण्यासाठी आहेत. हप्त्यात त्या पाटीसाठी वेगळी सवलत नाही.