विरळ हवेतील दाट रक्त

उंच पर्वतावर माणसाचे रक्त दाट होते, ही गोष्ट वैद्यकाच्या नजरेत प्रथम भरली ती शरीराच्या सामर्थ्याची खूण म्हणून. पेरूतील मोरोकोचा या सुमारे 4,500 मीटर उंचीवरील खाणवस्तीत फ्रेंच वैद्य व्हियो यांनी स्वतःचे रक्त तपासले, तेव्हा एका घन मिलिमीटरमधील तांबड्या पेशी तीन आठवड्यांत 50 लाखांवरून 70 लाखांच्या वर गेल्याचे त्यांना आढळले. 1890 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ असा की, विरळ हवेतला तुटपुंजा प्राणवायू वाहून नेण्याची शरीराने ही तजवीज केली होती.

या तजविजीची दुसरी बाजू 1953 मध्ये के-टू शिखरावर दिसली. डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी मोहीम सुमारे 7,700 मीटरवरच्या आठव्या छावणीत हिमवादळामुळे दिवसेंदिवस अडकून पडली. वाऱ्यापुढे स्टोव्ह टिकेना, म्हणून बर्फ वितळवून पाणी करणे अवघड झाले, आणि तंबूत हालचालही उरली नाही. अशात आर्ट गिल्की हा तरुण भूवैज्ञानिक कोसळला. त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली असल्याचे ह्यूस्टन यांनी ओळखले, आणि पुढे तिचा अंश फुप्फुसांत गेल्याची लक्षणे दिसू लागली. मंदावलेला रक्तप्रवाह, शिरेच्या भिंतीला झालेली इजा आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल ही गुठळीची तीन कारणे वैद्यक मानते; त्यांतील पहिले आणि तिसरे त्या तंबूत एकत्र आले होते, म्हणून केवळ उंचीला दोष देणे अपुरे ठरते. शिखराची आशा सोडून सोबत्यांनी 10 ऑगस्ट रोजी त्याला दोरांनी खाली उतरवायला घेतले. वाटेत अनेक जण एकदम घसरले असता पीट शोनिंग यांनी एकट्याने त्यांचा भार तोलून धरला. मात्र उतारावर बांधून ठेवलेला गिल्की थोड्याच वेळात नाहीसा झाला, बहुधा हिमप्रपाताने. मरणाच्या दारातील सोबत्याला मागे न टाकण्याचा तो निर्णय गिर्यारोहणाच्या इतिहासात आदराने आठवला जातो, आणि ते योग्यच आहे.

एका गिर्यारोहकाच्या वाट्याला आलेली, विरळ हवेत खिळून राहण्याची ही अवस्था 1984 नंतर सियाचिनमध्ये तैनात झालेल्या जवानांसाठी महिनोन्‌महिन्यांची झाली. दीर्घकाळ उंचावर राहणाऱ्यांना गुठळ्यांचा धोका सखल भागाच्या तुलनेत सुमारे 30 पट असल्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसले, आणि या गुठळ्या पायांपुरत्या न राहता मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही धरतात, हेही लष्करी रुग्णालयांतील डॉक्टरांच्या अनुभवातून पुढे आले.