हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, तास वेगळे

मंडळी, एक साधा प्रश्न. फिनलंडच्या हेलसिंकीहून जपानच्या टोकियोला विमानाने जायला किती तास लागतात? सरळ अंतर सुमारे 7,800 किलोमीटर. म्हणजे हिशेबाने नऊ-साडेनऊ तास. पण गेल्या चाळीस वर्षांत हे उत्तर दोनदा बदललंय, आणि त्याला कारण विमानं नाहीत, राजकारण आहे.

नकाशा उघडून बघा. या दोन शहरांच्या मधे जवळपास सगळा रशियाच पसरलाय. 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने सैबेरियावरचं आकाश बहुतेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद ठेवलं होतं. मग युरोपातली विमानं उत्तरेकडून अलास्कातल्या अँकरेजला जायची, तिथे इंधन भरायची आणि मग जपान गाठायची. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने 1957 मध्ये हा मार्ग सुरू केला.

एप्रिल 1983 मध्ये फिनएअरने डीसी-10 विमानात जादा इंधनाची सोय करून टोकियोला थेट उड्डाण सुरू केलं. तेही सरळ नाहीच! उत्तर ध्रुवावरून, मग बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली. वेळ सुमारे 13 तास.

एवढा वळसा कशाला, असं कुणी म्हणेल. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते सखालिन बेटाजवळ पाडलं. 269 माणसं गेली. आकाशातली ती न दिसणारी रेघ ओलांडण्याची ही किंमत.

पुढे सोव्हिएत संघ कोसळला, सैबेरियाचा मार्ग खुला झाला. रशिया त्यासाठी परदेशी कंपन्यांकडून भरभक्कम पैसे घ्यायचा, पण प्रवास साडेनऊ तासांवर आला. फिनएअरचं एक विमान चोवीस तासांत आशियात जाऊन परत यायचं. छोट्याशा हेलसिंकीने या जोरावर आशियाच्या प्रवाशांचा मोठा धंदा उभा केला.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने युरोपच्या. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाली. परत 13 तास! ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र प्रवाशांना मिळतं म्हणे, पण जादा इंधन आणि जादा वेळ काही सुटत नाही.

हे फक्त युरोपचं दुखणं नाही. पाकिस्तानने 2019 मध्ये बालाकोटनंतर साडेचार महिने हवाई हद्द बंद ठेवली होती. पहलगामनंतर 24 एप्रिल 2025 पासून आपल्या विमानांना पुन्हा बंदी आली, आपणही त्यांच्या विमानांना बंदी घातली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी थांबावं लागलं.

नवीन विमानसेवा सुरू झाली की 'अमुक शहर आता इतक्या तासांवर' अशी बातमी आम्ही पत्रकार हौसेने छापतो. त्यात एक ओळ कायम राहून जाते : मधल्या देशांशी जमतंय तोवरच. सरकारं भांडतात, वळसा विमान घेतं आणि बिल शेवटी तिकिटावर येतं.