इंजिन थंड राहणे आणि ॲव्हरेज घसरणे (जुने डिझेल ट्रक)

गाडी माल भरून रस्त्याला लागली, तास-दीड तास चालली, तरी इंजिनातील पाण्याचे तापमान ठरलेल्या पातळीपर्यंत न चढणे हा इंजिनाचा दोष आहे. बहुतेक ट्रक-इंजिनांत ही पातळी साधारण ८० ते ९५° से. असते. काटा ५५-६० वर अडून राहतो, सकाळचा पांढरा धूर लवकर सरत नाही आणि गाडी डिझेल जास्त खाऊ लागते. या तीन तक्रारी बहुधा एकत्रच येतात. इंजिन तापले की ड्रायव्हर गाडी लगेच बाजूला घेतो. थंड राहिले तर कोणीच थांबत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. येथील विवेचन मुख्यतः यांत्रिक डिझेल पंपाच्या भारतीय ट्रकांविषयी आहे. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांच्या १९५४ च्या करारातून पुढे विकसित झालेली सहा सिलिंडरची इंजिने, १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७ आणि त्या पिढीतल्या अशोक लेलँडच्या गाड्या त्यात मोडतात.

तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह करतो. हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर तो बसवलेला असतो. त्याच्या पितळी डबीत मेण असते. मेण वितळताना फुगते, दांडा सरकतो आणि झडप उघडते. पाणी निवले की स्प्रिंग झडप मिटवते. ही मेणाची रचना अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात आणली. त्याआधी चटकन उकळणारा द्रव भरलेला धातूचा भाता हेच काम करी. झडप कोणत्या तापमानाला उघडू लागते तो आकडा, उदा. ७१ किंवा ८२, व्हॉल्व्हवरच ठोकलेला असतो. ती पूर्ण उघडायला त्यापुढे आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

गंजाने किंवा क्षाराने झडप उघडीच अडकली, तर थंड इंजिनाचे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरते. मात्र आपल्याकडे त्याहूनही जास्त आढळणारे कारण म्हणजे व्हॉल्व्ह जागेवरच नसणे. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री व्हॉल्व्ह काढून टाकतो आणि हाउसिंग पुन्हा बंद करतो. पुढच्या मालकाला याचा पत्ताही नसतो. ही सवय सोडायलाच हवी. अनेक इंजिनांत याच व्हॉल्व्हची खालची चकती रेडिएटर टाळून पंपाकडे परतणारी आडवाट बंद करते. व्हॉल्व्ह काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरला न शिवताच परत फिरतो. मग सपाटीवर थंड राहणारी तीच गाडी कसारा घाटात भरल्या मालाने चढताना तापते. तापण्याचे खरे कारण गाळाने भरलेला रेडिएटर, ढिला बेल्ट किंवा झिजलेला वॉटर पंप हे असते आणि ते तसेच राहते.

थंड इंजिन डिझेल जास्त का खाते, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की हवेची उष्णता भिंतीत जाते, डिझेल पेटायला उशीर होतो आणि त्याचा काही अंश अर्धवट जळून किंवा न जळताच बाहेर पडतो. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर तो हाच. ऑइल दाट राहिल्याने घर्षण वाढते. यांत्रिक पंपाला इंजिन थंड आहे की गरम हे कळत नाही. ताकद कमी पडली की ड्रायव्हर पॅडल आणखी दाबतो आणि पंप तेवढे डिझेल सोडतो. लायनरवर ओघळलेले डिझेल ऑइलचा पापुद्रा धुऊन नेत खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. शिवाय गंधकयुक्त डिझेल जळून झालेली आम्ले थंड भिंतींवर दवासारखी जमतात आणि लायनर व रिंगा खातात. या झिजेपायी इंजिनकाम लवकर निघते आणि तो खर्च वाया गेलेल्या डिझेलपेक्षा कितीतरी मोठा असतो.

निदानाची सुरुवात काट्यावर अविश्वास दाखवून करावी. फार जुन्या गाड्यांत काटा बारीक नळीतल्या वायूच्या दाबावर चालतो. नळीला चीर गेली की तो खालीच बसतो. विजेच्या मीटरमध्ये सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, म्हणून गंजलेले टर्मिनल किंवा कच्चे अर्थिंग गरम इंजिनही थंड दाखवते. इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढावी आणि क्षणभर बॉडीला टेकवावी. काटा झटकन गरम टोकाला गेला तर मीटर आणि वायर ठीक आहेत. जागचा हलला नाही तर दोष त्यांच्यातच आहे. पाण्याची पातळीही पाहावी, पण इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. पाणी इतके उतरले असेल की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खाली राहतो आणि प्रत्यक्षात हेड भाजत असते. या दोषातला हा सर्वांत घातक प्रकार आहे.

काटा खरा ठरला की व्हॉल्व्हकडे वळावे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करावी आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप फॅनपासून दूर, टाकीजवळ धरून पाहावा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग काही क्षणांत हाताला चटका बसेल इतका तापतो. तो सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा नाहीच. एक सावधगिरी बाळगावी. डिझेल इंजिन नुसत्या आयडलिंगवर फार कमी उष्णता निर्माण करते. त्यामुळे दहा मिनिटांत काटा चढला नाही म्हणून निष्कर्ष काढू नये. थोडे आरपीएम वाढवून किंवा गाडी फिरवून आणूनच पारख करावी. लांब उतारावरही काटा खाली येतो, तो दोष नव्हे.

खात्री करायची असेल तर व्हॉल्व्ह काढून पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगावा, तळाला टेकू देऊ नये. थर्मामीटर शेजारी धरून पाणी तापवावे. थंड पाण्यातच झडपेतून उजेड दिसला तर व्हॉल्व्ह बाद. नवा बसवताना मेणाची डबी इंजिनाकडे आणि बारीक हवापिन असल्यास ती वर यावी. आकडा कंपनीने दिलेलाच घ्यावा. थंड डिग्रीचा बसवला की जुना दोष नव्या सुट्या भागासकट परत येतो.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर फॅन पाहावा. सिलिकॉन तेलावर चालणारा फॅन-क्लच जाम झाला असेल, तर फॅन सतत पूर्ण वेगाने फिरतो, पाणी थंड ठेवतो आणि इंजिनाची ताकदही खातो.

ॲव्हरेज मात्र फक्त तापमानाने बिघडत नाही. व्हॉल्व्ह नसल्याने होणारी घट सहसा थोडीच असते. लिटरला पाचचे साडेतीन झाले असतील तर आणखी काहीतरी आहे. आधी किलोमीटरचा आकडाच तपासावा, कारण तुटकी मीटर-केबल किंवा वेगळ्या मापाचे टायर हिशेब बिघडवतात. मग ब्रेक. काही किलोमीटर चालवून, ब्रेक फार न मारता गाडी थांबवावी आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्यावा. एखादा इतरांपेक्षा भलताच तापला असेल तर तिथले लायनर घासते आहे. त्यानंतर टायरची हवा, चोंदलेला एअर फिल्टर, घसरणारा क्लच. गरम झाल्यावरही काळा धूर राहिला तर नोझल आणि पंपाचे टायमिंग. गरज नसताना पंप खोलू देऊ नये.

अमेरिकेत संगणकावर चालणाऱ्या पेट्रोल पिकअपमध्ये हीच तक्रार वेगळ्या वाटेने येते. इंजिन थंड आहे असे संगणकाला वाटले की तो मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवतो, आणि तापमान ठरल्या वेळेत चढले नाही तर पी०१२८ हा संकेत नोंदवतो. शोध तिथेही थर्मोस्टॅटपासूनच सुरू होतो.

दुरुस्तीनंतर पाणी व कूलंट भरताना अडकलेली हवा काढावी. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर ऑइल व फिल्टर बदलूनच गाडी मार्गावर न्यावी. मग टाकी गळ्यापर्यंत भरून, त्याच मार्गावर, तेवढ्याच मालाने फेरी करावी आणि त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरावी. लागलेले लिटर आणि झालेले किलोमीटर यांतूनच खरे ॲव्हरेज कळते.