केनेबेकचा बंधारा

कोकणात किंवा घाटावर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना 'चढणीचे मासे' म्हणजे काय हे सांगायला नको. पहिला पाऊस कोसळला की ओढ्यांतून मासे पाण्याविरुद्ध वर चढू लागतात आणि अर्धा गाव टोपल्या घेऊन धावतो. आपल्या या न्यू इंग्लंडच्या नद्यांनाही अशीच चढण असे. फक्त ती वसंतात, बर्फ वितळल्यावर सुरू होई. मेन राज्यातल्या केनेबेक नदीची ही चढण एका बंधाऱ्याने १६२ वर्षं अडवून धरली, त्याची ही हकिगत.

ऑगस्टा शहरापर्यंत केनेबेकला समुद्राची भरती पोचते. तिथेच १८३७ साली बंधारा उभा राहिला. लांबी ९१७ फूट, उंची अवघी २४ फूट. कोयनेची भिंत पाहिलेल्यांना ती किरकोळच वाटेल. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न त्या उन्हाळ्यात इथे मित्राकडे राहायला आला होता. त्याच्या रोजनिशीत या बांधकामाचं वर्णन आहे. मित्राने, होरेशियो ब्रिजने, आपली पुंजी या बंधाऱ्यात घातली होती. ती पुढे पुरात बुडाली. बंधारा मात्र दुरुस्त होत राहिला, गिरण्या चालवत राहिला.

शॅड, एलवाइफ, सॅमन हे मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात येतात. (शॅड हा आपल्या पाल्याचा, म्हणजे बंगाल्यांच्या इलिशचा, चुलतभाऊ. इथले बंगाली शेजारी तो हौसेने का आणतात ते उगाच नाही!) त्यांना २४ फूट म्हणजे हिमालयच. माशांसाठी बांधतात त्या पायऱ्या स्टर्जनसारख्या अवजड माशाच्या कामाच्या नाहीत. भिंतीमागे खळाळ बुडून लांबच लांब डोह झाला आणि वाहत्या पाण्यात जगणारे किडे कमी झाले. एक शिंपला तर असा आहे की त्याची पिल्लं एलवाइफच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. मासा अडला की शिंपलाही अडला.

परवान्याची मुदत संपली तेव्हा बंधाऱ्याची वीज उरली होती साडेतीन मेगावॉट. माशांना वाट करून देण्यापेक्षा बंधारा पाडणंच स्वस्त, असं हिशेबात निघालं. १९९७ साली केंद्रीय ऊर्जा आयोगाने मालकाची इच्छा नसतानाही बंधारा हटवण्याचा आदेश दिला. अमेरिकेत हे प्रथमच घडत होतं. १ जुलै १९९९ रोजी घंटा वाजली, यंत्राने मातीचा बांध फोडला आणि काठावरच्या गर्दीसमोर नदी वाहू लागली. वॉटरव्हिलपर्यंतचे १७ मैल मोकळे झाले.

खरी गंमत पुढे आहे. एलवाइफला अंडी घालायला तळी लागतात आणि तळ्यांकडे नेणाऱ्या सेबॅस्टिकुक या उपनदीवर १९०८ चा दुसरा बंधारा होता. तो २००८ साली निघाला. थोड्याच वर्षांत तिथून दर वसंतात वर जाणारे मासे २० लाखांच्या पुढे गेले आणि त्यांच्यामागोमाग गरुडही जमू लागले.

सॅमनचं नशीब एवढं चांगलं नाही. वॉटरव्हिलपासून सँडी नदीपर्यंत केनेबेकवर आणखी चार बंधारे आहेत. पहिल्या बंधाऱ्याशी पोचलेले मोजके सॅमन पकडून वरच्या सँडी नदीत सोडले जातात. त्यांची उरलेली चढण ट्रकमधून होते.