एका कार्डाचे उत्तर

आमच्या मेलबॉक्समध्ये आठवड्याचे सहा दिवस काही ना काही येतच असते. त्यातले निम्मे विमा विकणाऱ्यांचे, पाव हिस्सा बिलांचा आणि उरलेले आमच्याआधी या घरात राहून गेलेल्या कुटुंबाच्या नावाचे. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी या ढिगाऱ्यातून एक कार्ड खाली पडले. चित्र गोठलेल्या तळ्याचे. मागे निळ्या शाईत, गिरवून काढल्यासारख्या अक्षरांत फिनलंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहिले होते, की त्यांच्या गावी सध्या दुपारी तीनलाच अंधार पडतो, त्या वेलदोड्याची पूड घालून गोड पाव भाजत आहेत आणि हा वेलदोडा मुळात भारतातला, हे त्यांना ठाऊक आहे. ओळख ना पाळख, पण त्या कार्डाने आमची ती संध्याकाळ उजळली. रात्री चहात वेलदोडा जरा जास्तच पडला.

"म्हणजे आपला पत्ता तू असा कोणालाही देऊन टाकलास?" ही म्हणाली. प्रश्न रास्त होता. अमेरिकेत मुलांना पहिला धडा देतो तो अनोळखी माणसाशी बोलायचे नाही हाच. तिला उत्तर द्यायला म्हणून मी शोधू लागलो आणि दीडशे वर्षे मागे जाऊन पोचलो. तीच हकीकत इथे सांगतो.

पोस्टकार्डाची कल्पना प्रथम मांडली ती प्रशियाच्या टपालखात्यातले अधिकारी हाइन्रिख फॉन स्टेफान यांनी, १८६५ साली, कार्ल्सरूहच्या टपाल परिषदेत. पाकीट नाही, लाख नाही, एक जाड कागद, एका अंगाला पत्ता आणि दुसऱ्या अंगाला मजकूर. कल्पना मान्य झाली नाही. उघड्या कागदावर खासगी मजकूर लिहायचा आणि तो वाटेत कोणीही वाचायचा, हे त्या काळच्या सभ्यतेत बसेना. चार वर्षांनी ऑस्ट्रियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमानुएल हेरमान यांनी व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात लेख लिहून हाच मुद्दा पैशाच्या बाजूने मांडला. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि माणसांचा वेळ किती वाया जातो, याचा त्यांनी हिशोब केला. ऑस्ट्रियाच्या टपालखात्याला तो पटला आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातले पहिले पोस्टकार्ड विक्रीला आले. किंमत दोन क्रॉयत्सर. गंमत म्हणजे, आतल्या मजकुराची जबाबदारी टपालखात्यावर नाही, असे कार्डावरच छापलेले होते. लोकांनी मात्र सभ्यतेची फारशी पर्वा केली नाही. पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ ३० लाख कार्डे खपली. १८७० मध्ये इंग्लंडने आणि १८७३ मध्ये अमेरिकेने कार्ड काढले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आले, किंमत पाव आणा.

उघड्या मजकुराची भीती ही काय चीज आहे, ते मला होस्टेलवर कळले. नव्वदच्या दशकात आमच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या होस्टेलवर माझ्या वडिलांचे दर आठवड्याला एक कार्ड येई. "चि. यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम." मग आजीचा मोतीबिंदू, विहिरीचे पाणी, धाकट्या बहिणीचे गणिताचे मार्क. शेवटी कार्डाच्या कडेने, उभ्या ओळीत, "खर्चाचा हिशोब कळवणे." ते कार्ड माझ्या हाती येण्याआधी पोस्टमनने, होस्टेलच्या शिपायाने आणि मेसमधल्या मुलांनी वाचलेले असायचे. जेवायला बसलो की पलीकडून कोणीतरी विचारी, "काय रे, आजीचे ऑपरेशन झाले का?" मला लाज वाटायची. पण आजीला बरे वाटावे असे वाटणारी दहा माणसे त्या कार्डाने मला मिळवून दिली होती, हे कळायला वीस वर्षे गेली. पत्र बंद असले की ते दोघांचे असते. कार्ड वाटेत भेटेल त्याचे असते. अनोळखी माणसाशी बोलायला याहून सोयीचे साधन नसेल.

पण अनोळखी माणूस देशाबाहेरचा असेल तर? तिथे खरी अडचण होती. १८७४ पूर्वी परदेशी पत्राचा दर म्हणजे एक कोडे असे. प्रत्येक दोन देशांचा वेगळा करार, वजनाची मापे वेगळी, आणि पत्र ज्या ज्या देशातून जाईल तो प्रत्येक जण आपला वाटा मागणार. एकाच गावी जाणाऱ्या पत्राला मार्ग बदलला की दर बदले. पुन्हा कोणाचे किती देणे, याची प्रत्येक देशात खातेवही.

ही गुंतागुंत सोडवली ती पुन्हा फॉन स्टेफान यांनीच. त्यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात परिषद भरली आणि ९ ऑक्टोबर १८७४ रोजी २२ देशांचा करार झाला. त्यातूनच आजचा १९२ देशांचा जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत १८७६ मध्येच त्यात आला. करारातली मुख्य कल्पना अशी, की टपालापुरते हे सगळे देश मिळून एकच प्रदेश. दर सगळीकडे सारखा, आणि कार्डाला पत्राच्या निम्मा. मी पेशाने सॉफ्टवेअरचा माणूस. मला सर्वांत आवडले ते त्यातले हिशोबाचे कलम. तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्याच्याकडेच राहतील. पत्र वाटणाऱ्या देशाने त्यातला वाटा मागायचा नाही. वाटेतल्या देशांना वाहतुकीचे पैसे मिळत, पण शेवटी घरोघर जाऊन वाटणारा पोस्टमन परदेशी पाहुण्यासाठी फुकट राबणार. का? तर प्रत्येक पत्राला साधारणपणे उत्तर येतेच. आज तुमचे पत्र आम्ही वाटले, उद्या आमचे तुम्ही वाटाल. मग पै-पैचा हिशोब ठेवायचा कशाला? एवढ्या मोठ्या यंत्रणेचा पाया "उत्तर येतेच" या एका विश्वासावर घातला गेला.

त्या पायावर मग कार्डांची जत्रा उभी राहिली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेल टॉवरची कार्डे निघाली. ज्या शिकागोच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद इथे आले, तिथेच अमेरिकेतली पहिली सचित्र स्मरणकार्डे विकली गेली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या मळवलीतून रविवर्मा प्रेसने देवादिकांच्या तसबिरींबरोबर चित्रकार्डेही काढली. तोवर मागची बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव असे, त्यामुळे लिहायचे ते चित्राच्या कडेकडेने, चित्रातल्या माणसांचे पाय वाचवत. १९०२ मध्ये इंग्लंडने मागच्या बाजूचे उभे दोन भाग करायला परवानगी दिली, उजवीकडे पत्ता आणि डावीकडे मजकूर. अमेरिकेने १९०७ मध्ये तेच केले. पुढच्याच वर्षी, म्हणजे जून १९०८ ला संपलेल्या वर्षात, अमेरिकेच्या टपालात ६७ कोटींहून अधिक कार्डे पडली. तेव्हा देशाची लोकसंख्या नऊ कोटीही नव्हती!

याच काळात अनोळखी लोक एकमेकांना कार्डे पाठवू लागले. तुम्ही तुमच्या गावाचे चित्र पाठवा, मी माझ्या गावाचे पाठवतो, असा हा व्यवहार. एस्पेरांतो ही नवी भाषा शिकणाऱ्यांनी तर १८८९ मध्येच एक हजार लोकांची नावे-पत्त्यांची यादी छापली होती. भाषा नवी, बोलायला शेजारी कोणी नाही, मग दूरच्या अनोळखी माणसाला लिहायचे. परदेशात नव्याने आलेल्या आपल्यासारख्यांना हे काही वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र या व्यवहारात एक ठिसूळ जागा होती. उत्तर त्याच माणसाने द्यायला हवे. त्याने दिले नाही तर धागा तुटला. उत्तरासाठी परदेशाचे तिकीट आधी कुठून पाठवणार, म्हणून १९०६ च्या रोम परिषदेत आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन निघाले. ते पत्रात घालायचे, समोरच्याने आपल्या पोस्टात देऊन त्या बदल्यात तिकीट घ्यायचे. सोय उत्तम होती. पण १९२० मध्ये बॉस्टनमधल्या चार्ल्स पोंझी नावाच्या गृहस्थांनी लोकांना सांगितले, की पडलेल्या चलनाच्या देशात ही कूपने स्वस्तात घेऊन अमेरिकेत वटवली तर ४५ दिवसांत ५० टक्के नफा. लोकांनी पैसे ओतले. कूपनांचा धंदा जवळपास नव्हताच. नव्यांच्या पैशातून जुन्यांना नफा वाटला जात होता. 'पोंझी स्कीम' हा शब्द तिथून आला. अनोळखी माणसाने उत्तर द्यावे म्हणून केलेल्या कागदातून अनोळखी माणसांना लुबाडायची युक्ती निघाली. तेव्हा हिची शंका अगदीच निराधार नव्हती, हे मी कबूल केले.

या ठिसूळ जागेवरचा मला सर्वांत सुंदर वाटलेला उपाय निघाला तो २००५ मध्ये. पोर्तुगालमधले पाउलो मागाल्याइस तेव्हा विद्यार्थी होते. आपल्याला पोस्टात कार्डे मिळावीत ही त्यांची साधी हौस. १४ जुलै २००५ रोजी त्यांनी 'पोस्टक्रॉसिंग' सुरू केले. पद्धत अशी. तुम्ही पत्ता मागायचा. जगातल्या कोणाचा तरी पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक कार्डावर लिहून कार्ड पाठवायचे. ते पोचले की तो माणूस क्रमांकाची नोंद करतो. त्याने तुम्हाला उत्तर पाठवायचे नसते! तुमचे कार्ड पोचले, म्हणून आता तुमचा पत्ता तिसऱ्याच कोणाला तरी मिळतो आणि कार्ड येते ते त्याच्याकडून. फिनलंडच्या बाईंना मी कधीच लिहिले नव्हते. मी लिहिले होते तैवानमधल्या एका विद्यार्थ्याला. एखादे कार्ड हरवले तरी काही अडत नाही. ६० दिवस वाट पाहून ते बाजूला होते आणि तुम्ही दुसरा पत्ता मागू शकता. एका माणसाने दगा दिला तरी यंत्रणा कोसळत नाही. अशा रचनेसाठी आम्ही इंजिनियर मंडळी मोठमोठे पेपर लिहितो. या साध्या नियमावर आजवर सात कोटींहून अधिक कार्डे पोचली आहेत. मला वाटते, बर्नचे कलमही हेच होते. उत्तर त्याच दारातून यावे असा हट्ट नाही, ते जगात कुठूनतरी येते.

दरम्यान, मूळ कलम मात्र झिजत गेले. पत्रे दोन्ही बाजूंनी सारखी जातात, हे खरे उरले नाही. गरीब देशांना येणारे टपाल जास्त, जाणारे कमी, आणि वाटण्याचा बोजा त्यांच्यावर. म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेत, पत्र वाटणाऱ्या देशाला पैसे देण्याचे ठरले. त्याच परिषदेत भारतीय शिष्टमंडळातले आनंद मोहन नरुला यांच्या सूचनेवरून ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन ठरला. पुढे ऑनलाइन खरेदीची पाकिटे वाढली, ती आपल्याला महागात पडतात म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हात तडजोड झाली, म्हणून ते टळले. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या छोट्या पार्सलांची जकातमाफी काढली, तेव्हा भारतासह अनेक देशांनी इथे येणारी पार्सले काही काळ थांबवली. त्या आठवड्यांत फराळाच्या डब्याची काळजी केली नाही असे मराठी घर इथे विरळा. आणि २०२५ संपता संपता डेन्मार्कच्या सरकारी टपालखात्याने चारशे वर्षांनंतर पत्रे वाटणेच बंद केले. ते काम आता खासगी कंपनीकडे गेले आहे. हिशोब मागणारे चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. पण अनोळखी माणसाचे पत्र वाटणे ही एकदा गमावली तर सहज परत न येणारी गोष्ट आहे, एवढे मला दिसते.

शेवटी हिच्या प्रश्नाचे उत्तर. वडिलांची त्रेचाळीस कार्डे माझ्याजवळ आहेत. मी त्यांना पाठवलेले एकही नाही, कारण मी पाठवलेच नाही. दर रविवारी एसटीडी बूथवरून दोन मिनिटे बोललो की माझे कर्तव्य संपे. "खर्चाचा हिशोब कळवणे" याचे लेखी उत्तर राहूनच गेले. मग इथे आलो, पीएचडी, नोकरी, घर. २०१६ मध्ये वडील गेले. आता ते उत्तर कोणत्या पत्त्यावर टाकायचे?

आपल्याकडे पितृऋण म्हणतात. ते ज्याचे त्याला परत करता येत नाही, पुढच्याला द्यायचे असते. हे लहानपणी ऐकले तेव्हा पळवाट वाटली होती. बर्नचे कलम वाचताना ते हिशोब म्हणूनही बरोबर आहे असे वाटले.

तेव्हापासून दर रविवारी मी एक कार्ड लिहितो. या उन्हाळ्यात आमची कन्याही शेजारी बसू लागली. मराठी शाळेत नाक मुरडत गिरवलेली अक्षरे तिने परवा जपानमधल्या एका आजोबांच्या कार्डावर वापरली. वर 'नमस्कार', खाली स्वतःचे नाव, आणि मध्ये इंग्रजीत आमच्या अंगणातल्या खारीचे वर्णन. हिने ते वाचले, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि कार्डाच्या कडेला उभ्या ओळीत स्वतःही काहीतरी लिहिले. काय ते मी विचारले नाही. कार्ड उघडेच होते, पेटीत टाकताना वाचून घेतले.

वाचकहो, १ ऑक्टोबरला पोस्टकार्डाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी कोणा अनोळखी माणसाला चार ओळी लिहून पाहा. उत्तर येते.