तुणतुणे, तंबोरा आणि तालपेडल : अखंड स्वराच्या लयबद्ध खंडनाचा इतिहास

(१)

विजेच्या गिटारीचा अथवा सिंथेसायझरचा दीर्घ स्वर ठराविक कालांतराने तोडून त्यातून ठेका निर्माण करणारे, पायाने चालू-बंद करावयाचे एक लहान उपकरण आज वादकांच्या नित्य वापरात आहे. वादक त्यास नुसते 'पेडल' म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'तालपेडल' ही संज्ञा योजिली आहे. वादक एकच स्वरसंघात धरून ठेवतो. ऐकणाराच्या कानी मात्र त्याचे समान अथवा विषम तुकडे पडतात. हे उपकरण पाश्चात्त्य विद्युत्‌तंत्राचे अपत्य आहे, यात संशय नाही. तथापि त्याने जी क्रिया साधली जाते, ती मराठी मुलखास अपरिचित होती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाचा विचार हट्टा या गावाच्या परिसरापासून आरंभणे उचित ठरेल. हट्टा हे वसमत तालुक्यातील गाव. १९९९ च्या १ मे रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. नामदेवांची नर्सी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने याच जिल्ह्यात आहेत; रेणुकेचे माहूर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आहे. साहजिकच या टापूत संगीताचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहात आले : एक वारकरी कीर्तन-सप्ताहाचा, दुसरा गोंधळाचा. पहिल्यात वीणा, टाळ व पखवाज; दुसऱ्यात संबळ व तुणतुणे. यांपैकी तुणतुणे हे वाद्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

(२)

तुणतुण्याची रचना अत्यंत साधी आहे. एक पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या तळाशी मढविलेले कातडे, बाजूस ठोकलेली काठी, काठीच्या माथ्याशी खुंटी, आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एक तार. ही तार लाकडाच्या लहानशा तुकड्याने छेडतात. तिच्यातून एकच स्वर निघतो. परंतु तो गीताच्या लयीत तुटत तुटत निघतो. म्हणजे आधारस्वर व लय ही दोन्ही कामे हे वाद्य एकाच वेळी करते. गोंधळात ते संबळाच्या जोडीने, पोवाड्यात डफाच्या जोडीने आणि तमाशात ढोलकीच्या जोडीने वाजते.

याच्या अगदी उलट तंबोऱ्याची गोष्ट. तंबोराही आधारस्वर देतो. पण त्याच्या तारा छेडण्याचा क्रम तबल्याच्या ठेक्याशी जुळू द्यावयाचा नाही, असा शिष्टसंगीताचा दंडक आहे. गाणे विलंबित असो वा द्रुत, तंबोरा आपल्याच संथ गतीने चालतो. त्याचा स्वर सलग भासावा, हेच मिरजेच्या कारागिरांनी घडविलेल्या तंबोऱ्याचे वैशिष्ट्य मानले जाते; घोडीवर तारेखाली सरकविलेल्या सुताच्या 'जवारी'चे कार्यही तेच. सारांश, एकाच भाषिक प्रदेशात आधारस्वराचे दोन आदर्श नांदले : लयीपासून अलिप्त असा तंबोऱ्याचा आणि लयीत गुंतलेला असा तुणतुण्याचा.

भाषेनेही हा भेद टिपून ठेविला आहे. 'तुणतुणे' हे नाव 'तुण तुण' या अनुकरणवाचक द्विरुक्तीवरून बनले आहे. म्हणजे नावातच खंडित पुनरावृत्ती आहे. पुढे 'आपलेच तुणतुणे वाजविणे' हा वाक्प्रचार रूढ झाला, आणि त्यात कंटाळवाण्या पुनरुक्तीचा दोष सूचित झाला. तंबोऱ्यास असा वाक्प्रचार चिकटला नाही. यंत्रनिर्मित ठेक्याविरुद्ध आज जो आक्षेप घेतला जातो, त्याची शब्दरचना मराठीत यंत्र येण्यापूर्वीच तयार होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तालपेडलाचे कार्य या परिभाषेत एका वाक्यात सांगता येते : ते तंबोऱ्याचे तुणतुणे करते.

(३)

हे कार्य विजेने साधण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात बाजारात आले. डी-आर्मंड कंपनीच्या तत्कालीन पेटीत विद्युत्‌वाहक द्रवाची एक लहान कुपी असे. मोटरीच्या साहाय्याने ती हलविली जाई. आतील द्रव हिंदकळून धातूच्या टोकास स्पर्श करी, आणि प्रत्येक स्पर्शागणिक गिटारीच्या ध्वनिसंकेताचा काही भाग जमिनीकडे वळून आवाज क्षीण होई. मोटरीची गती वाढविली की कंपांची संख्या वाढे. बो डिडली या वादकाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेत अशा कंपित गिटारीचा ठेका इतका पुढे आणला की, गिटार हे तालवाद्यच झाले.

पुढे द्रवाची जागा मंदगती विद्युत्‌आंदोलकाने घेतली. अशा आंदोलकाची कंपने इतकी सावकाश असतात की, ती स्वर म्हणून ऐकू येत नाहीत. ती केवळ दुसऱ्या स्वराचा आवाज कमीअधिक करतात. आंदोलनाचा आकार गोलसर असेल तर स्वर झोका घेतल्यासारखा चढतो-उतरतो. तो चौकोनी असेल तर स्वर सुरीने कापल्यासारखा तुटतो. याच तत्त्वाच्या विस्तारातून पुढे असे पेडल आले की, ज्यात कोणते तुकडे ऐकू यावेत व कोणते गाळावेत याचा आराखडाच साठविलेला असतो. जपानच्या बॉस कंपनीचे २००८ मधील 'स्लायसर' या जातीचे होय.

परिभाषेचा एक घोटाळा येथे नोंदविला पाहिजे. पाश्चात्त्य संगीतात स्वराची उंची हलणे यास 'व्हिब्राटो' व आवाजाचे प्रमाण हलणे यास 'ट्रेमोलो' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवरील, स्वराची उंची हलविणाऱ्या दांडीस 'ट्रेमोलो' म्हटले, आणि आपल्या अनेक ध्वनिवर्धकांतील आवाज हलविणाऱ्या योजनेस 'व्हिब्राटो' म्हटले. ही उलटापालट वादकांच्या भाषेत आजही टिकून आहे. मराठीत 'आंदोलन' व 'गमक' या संज्ञा स्वराच्या उंचीशी निगडित आहेत. आवाजाच्या कमीअधिकपणास स्वतंत्र शास्त्रीय संज्ञा रूढ झाली नाही. सतारीच्या 'झाल्या'त चिकारीच्या तारांनी स्वराचे असेच खंडन होते, पण ते नाव वादनाच्या अंगाचे आहे, परिणामाचे नव्हे.

(४)

सिंथेसायझर व ऑर्गन यांच्या बाबतीत या क्रियेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राशी अनपेक्षित रीतीने जोडलेले आहे. पुणे येथे १८९४ मध्ये जन्मलेले मेहेरबाबा यांचे अहमदनगर (आता अहिल्यानगर) नजीकचे मेहेराबाद हे स्थान सर्वश्रुत आहे. त्यांचे देहावसान १९६९ मध्ये झाले. 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउन्शेंड हे त्यांचे अनुयायी. त्यांच्या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेचे 'बाबा ओ'राय्ली' हे नाव मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी राय्ली या दोघांच्या नावांतून बनविलेले आहे. तीत लॉरी कंपनीच्या ऑर्गनवरील पुनरावृत्तीची सोय वापरली आहे : पट्टी दाबून धरली की ऑर्गन तो स्वर आपोआप पुनःपुन्हा उच्चारतो. त्याच मुद्रिकेतील दुसऱ्या एका रचनेत ऑर्गनचा अखंड स्वरसंघात सिंथेसायझरच्या गाळणीतून व मंद आंदोलकातून काढून तालबद्ध केला आहे. वृंदातील ताशेवादक या आधीच मुद्रित झालेल्या यंत्रलयीस अनुसरून वाजवितो.

टेरी राय्ली यांनी १९७० पासून किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांच्यापाशी अध्ययन केले. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले होते. तंबोऱ्याच्या अखंड स्वराची इतकी निष्ठेने उपासना करणारे दुसरे घराणे क्वचितच आढळेल. राय्ली यांच्या १९६४ च्या 'इन सी' या रचनेत मात्र पियानोवर एकच षड्ज आरंभापासून अंतापर्यंत समान गतीने ठोकला जातो. तंबोऱ्याकडे वळण्यापूर्वी त्यांनी, नकळत का होईना, तुणतुण्याचेच तत्त्व अवलंबिले होते.

(५)

मुंबईच्या चित्रपटसंगीताने ही साधने लवकर आत्मसात केली. १९५४ च्या 'नागिन'मध्ये कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिन या विद्युत्‌वाद्यावर पुंगीचा स्वर उमटविला. १९७७ च्या 'किताब' चित्रपटात इंजिनचालकाच्या तोंडी असलेल्या व राहुलदेव बर्मन यांनी स्वतः गायिलेल्या गीतात फ्लँजर या उपकरणाचा उपयोग प्रसिद्ध आहे. फ्लँजर स्वर तोडीत नाही. तो स्वराची किंचित मागे रेंगाळणारी प्रत मूळ स्वरात मिसळतो व ते अंतर मंद आंदोलकाने कमीअधिक करतो. त्यामुळे उमटणारी घरघरती लाट आगगाडीच्या गीतास शोभून दिसली.

परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक दाखला १९८२ चा आहे. मुंबईच्या चित्रपटवृंदांत गिटार व विद्युत्‌वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग यांनी त्या वर्षी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका एच.एम.व्ही.तर्फे प्रसिद्ध केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी असे दहा राग तीत आहेत. साधने तीन, तिन्ही रोलँड कंपनीची : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे मंद्रस्वरांचे यंत्र. अशा यंत्रांची स्पंदने तारेने एकमेकांस जोडता येत, त्यामुळे एकाच्या ठोक्यावर दुसरे चाले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय असल्याने मींडेचा आभासही निर्माण होई. मुद्रिकेचे तेव्हा फारसे स्वागत झाले नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुनःप्रकाशित झाल्यावर, १९८७ च्या सुमारास शिकागोत उदयास आलेल्या 'ॲसिड हाऊस' संगीताशी तिचे साम्य पाहून पाश्चात्त्य रसिक चकित झाले. चरणजित सिंग २०१५ मध्ये निवर्तले.

कालगणनेतील हे अग्रत्व हा चर्चेचा आवडता विषय आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा तालाच्या रचनेचा आहे. या यंत्रांचा आराखडा सोळा घरांचा असतो, आणि त्रितालाच्याही मात्रा सोळाच. हे साम्य फसवे आहे. त्रितालाची पहिली मात्रा सम व नववी खाली. खालीवर डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि त्या अभावामुळेच समेची ओढ लागते. डिस्कोच्या ठेक्यात दर चौथ्या घरी तोच ढोल, त्याच वजनाने पडतो. तेथे ठोका आहे, सम नाही. घरे आहेत, खाली नाही. म्हणून या मुद्रिकेत राग आपले स्वर राखतो, पण समेवर येण्याचा आनंद त्यास सोडून द्यावा लागतो.

(६)

येथे मूळ प्रश्नाकडे परत येता येते. तुणतुणे व तालपेडल यांची क्रिया एकच असली, तरी लयीवर हुकमत कोणाची, या बाबतीत ती भिन्न आहेत. पोवाड्यात शाहीर आवेशात आला की लय चढते, आणि तुणतुण्याचा हात तिच्यासवे चढतो. कथनासाठी शाहीर थांबला की तोही थांबतो. तुणतुणे धरणारा बहुधा झील ओढणारांपैकीच असतो. त्याचा हात त्याच्या स्वतःच्या गळ्याशी बांधलेला असतो. आंदोलकास गळा नाही. त्याच्यापुढे गायकाने लय सोडली, तर चूक गायकाची ठरते.

तंत्रज्ञांच्या ध्यानी ही उणीव आली नाही असे नाही. अनेक अर्वाचीन पेडलांत खटक्यावर पायाने दोन-चार वेळा ठोके दिले की आंदोलक ती गती उचलतो. पायाचे हे कार्य मराठी रंगभूमीस नवे नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत ऑर्गनला मानाचे स्थान होते. ऑर्गन व 'पायपेटी' यांचा भाता पायाने चालविला जाई, आणि स्वराचा भर व ओसर पायाच्या दाबावर अवलंबून असे. फरक इतकाच की, पायपेटीच्या पायास क्षणभरही विसावा नव्हता, तर तालपेडलाचा पाय एकदा आज्ञा देऊन मोकळा होतो. आज्ञा आणि संगत यांतील अंतर ते हेच.

मराठवाड्यातील लग्नकार्यांत व मिरवणुकांत आता कीबोर्ड व ऑक्टोपॅड सर्रास दिसतात. 'कॅसिओ' हे एका कंपनीचे नाव मराठीत कोणत्याही कीबोर्डाचे सामान्यनाम झाले आहे, यावरूनच त्यांच्या प्रसाराची कल्पना यावी. या साधनांचा निषेध करणे हे संशोधनाचे काम नव्हे. तुणतुणेही एके काळी नवेच असणार. परंतु यंत्राची गती केव्हाही मोजता येते, आणि पन्नास वर्षांनीही ती तशीच राहील. गोंधळ्याच्या हातातील गती मात्र त्या हाताबरोबर जाते. संबळ-तुणतुण्याची जी ध्वनिमुद्रणे केली जातात, त्यांत शब्दांची नोंद होते, क्वचित स्वरांचीही. लय कोठे, किती व कशामुळे चढली याची नोंद सहसा होत नाही. हट्टा-वसमत-औंढा या टापूत अशी नोंद करणे अद्याप शक्य आहे. ती झाल्यास एकच स्वर माणसाच्या हाताने तोडणे आणि यंत्राने तोडणे यांतील भेद मापाने सांगता येईल, आणि 'तेच तुणतुणे' या शब्दांतील दोष वाद्याकडे जातो की ते ऐकणाराकडे, याचाही निर्णय करता येईल.