अक्षरगुणाकाराची कोडी

ज्या गुणाकारातील अंक झाकून त्यांच्या जागी अक्षरे मांडलेली असतात, आणि एका अक्षराचा सर्वत्र एकच अंक, भिन्न अक्षरांचे भिन्न अंक व कोणत्याही संख्येच्या आरंभी शून्य नाही, एवढ्या शर्तींवर मूळ मांडणी शोधून काढावयाची असते, त्यास अक्षरगुणाकाराचे कोडे म्हणतात. १९३१ साली बेल्जियममधील ‘स्फिंक्स’ मासिकात ‘मिनॉस’ या टोपणनावाने आलेल्या अशाच एका कोड्याचे उत्तर १२५ × ३७ = ४६२५ असे होते.

या कोड्यांची किल्ली स्थानमूल्यात आहे. ‘कखगघच’ या पाच अंकी संख्येस ४ ने गुणिले असता तेच अंक उलट क्रमाने, म्हणजे ‘चघगखक’, येतात, हे कोडे केवळ अंदाजाने सोडवू पाहणाराला २४,१९२ मांडण्या तपासाव्या लागतील; उलट, स्थानांचा हिशेब ठेवणाऱ्याचे काम थोडक्यात आटोपते. गुणाकार पाच अंकीच राहावयाचा तर ‘क’ दोहोंपेक्षा मोठा असू शकत नाही, आणि चोहोंच्या पटीचा एकं स्थानचा अंक सम असल्याने तो २ च ठरतो. ४ × च याच्या एकं स्थानी २ येण्यास ‘च’ ३ किंवा ८ हवा; पण तोच गुणाकाराचा पहिला अंक, म्हणून ८ हून कमी नाही; अर्थात तो ८. आता प्रत्येक अक्षरास त्याच्या स्थानाचे मूल्य देऊन समीकरण मांडावे व दोन्ही बाजूंचे सामाईक अवयव काढून टाकावेत, म्हणजे इतकेच उरते :

१ + १३३ख + १०ग = ३२घ

उजवी बाजू सम व २८८ पर्यंतच जाणारी असल्याने ‘ख’ १ होय; मग ६७ + ५ग = १६घ. पाचाने भागून बाकी पाहता ‘घ’ २ किंवा ७ ठरतो, त्यांपैकी २ अपुरा पडतो. म्हणून ‘घ’ ७ व ‘ग’ ९. उत्तर : २१९७८ × ४ = ८७९१२.

गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ (२१७८ ची चौपट) व ९८०१ (१०८९ ची नऊपट) या, आपल्याच उलट संख्येच्या पटीत असणाऱ्या, चार अंकी संख्यांचा दाखला देऊन त्यांत गणितज्ञास भावण्याजोगे काही नाही, असा निर्वाळा दिला. एवढ्या थोर गणितज्ञाचा हा निवाडा येथे मान्य करवत नाही. कारण २१७८ ही एकाकी संख्या नसून तिच्यामागे नियम आहे. ‘ग’ च्या स्थानी उजवीकडून हातचे ३ येतात, ४ × ९ मध्ये ते मिळवून ३९ होतात, ९ मांडून पुन्हा ३ च डावीकडे जातात; त्यामुळे मधला ९ काढला तर २१७८ राहते, आणि हवे तितके ९ घातले तरी हातच्यात फरक न पडता २१९९७८ × ४ = ८७९९१२, २१९९९७८ × ४ = ८७९९९१२ अशी मालिका अखंड चालू राहते.